उलटा छापलेला फोटो

२ सप्टेंबर

वही घेतली. फोटोंची नोंद ठेवायला. मास्तर म्हणाले, प्रत्येक फोटोपुढे दोन आकडे लिहा: भिंगाचं तोंड किती उघडलं आणि किती वेळ. नाहीतर चूक कुठे झाली ते कळत नाही.

मास्तर म्हणजे क्लबातले. आयुष्यभर घड्याळं दुरुस्त केली, आता वाचनालयाच्या तळघरात हौशी माणसांना फोटो काढायला आणि छापायला शिकवतात. त्यांची भाषा मला निम्मी कळते. उरलेलं ते हाताने दाखवतात. क्लबाचा कॅमेरा दिला, तोही रिळाचा. म्हणाले, "तुम्ही छापखान्यातले. तुम्हाला वाट बघता येते."

रीळ पहिलं. समोरचं घर, ८, १/१२५. जिना, ४, १/३०. ही पोळ्या लाटताना, ४, १/६०.

५ सप्टेंबर

रीळ धुतलं. छत्तिसांपैकी एकोणीस काळे. बाकीच्यांत हिचे अकरा. अकराही पाठमोरे.

"माझी पाठ एवढी बघण्यासारखी आहे होय?" ही म्हणाली.

"तू वळतच नाहीस. हाक मारली तरी."

"हाक मारून फोटो काढतात ते लग्नाचे," म्हणाली आणि पोळी उलटली.

मास्तरांना मात्र पाठ आवडली. चेहरा खोटं बोलतो, पाठ बोलत नाही, असं काहीतरी म्हणाले. निम्मं कळलं.

११ सप्टेंबर

फोटोचं काही नाही. तरी लिहितो.

हिने झोपायची बाजू बदलली. सव्वीस वर्षं ही उजवीकडे, मी डावीकडे. काल मी दात घासून आलो तर माझ्या जागेवर झोपलेली, भिंतीकडे तोंड करून. विचारलं तर म्हणे, तिकडे खिडकीतून वारा लागतो. खिडकी बंद होती.

जेवायच्या टेबलावरची खुर्चीही बदलली आहे, ते आज लक्षात आलं. कधीपासून, सांगता येत नाही.

आम्हाला इथे येऊन चौदा महिने झाले. नोकरी हिची. पंपांच्या कारखान्यात तपासनीस. पंप बाकावर चालू करतात, ही लोखंडी सळईचं एक टोक पंपाला लावते, दुसरं कानाला, आणि आतलं बेअरिंग ठीक आहे की नाही ते सांगते. यंत्रं आहेत त्या कामाला, पण यंत्राला संशय आला की हिला बोलावतात. आमच्याकडच्या कारखान्यात हिला पंपांची डॉक्टर म्हणत. त्या कारखान्याच्या कॅलेंडरवर हिचा फोटो छापला होता, सळई कानाला लावलेला. त्या फोटोमुळेच ही नोकरी लागली, असं ही गमतीने सांगते. ते पान इथे फ्रिजवर लावलं आहे.

मला इथे नोकरी करायची परवानगी नाही. हिची नोकरी आहे तोवर दोघांना राहायची आहे.

१२ सप्टेंबर

मालकांचं पत्र आलं, लॅपटॉपवर. छापखान्याने मोठा कोश घेतला आहे, चार खंड. "तुमच्या डोळ्यांशिवाय हे काम हाती घेणं म्हणजे आंधळ्याने सुई ओवणं. ३१ ऑक्टोबरपर्यंत कळवा. जागा तोवर रिकामी ठेवतो."

बावीस वर्षं मी त्यांची प्रूफं तपासली. त्याआधी दहा वर्षं छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवली.

हिला सांगितलं नाही. आधी स्वतःला विचारावं म्हटलं. इथे मी काय करतो? भाजी आणतो. एका पाठीचे फोटो काढतो. ती पाठ हल्ली झोपतानाही माझ्याकडेच असते.

१८ सप्टेंबर

कारखान्यात गेलो. साहेबांनी एक तास दिला. साहेब म्हणजे हिच्या विभागाचे प्रमुख. उंच, सभ्य, सतत घड्याळ बघणारे.

आत आवाज एवढा की विचार करता येत नाही. हिच्यासोबत एक फिटरबाई असते. दणकट, दंडावर मासा गोंदलेला. दिवसभर हिच्या डाव्या हाताला चालते, अगदी चिकटून, आणि मधूनच कोपराला हात लावते. ही तिच्याकडे बघून हसते. असं हसणं मी बऱ्याच दिवसांत बघितलेलं नाही.

मी डावीकडून गेलो तर फिटरबाईने मला चक्क बाजूला केलं. हाताने. मला काही म्हणाली, ते कळलं नाही. हिने भाषांतर केलं नाही.

ही बाकाशी, सळई लावून. ५.६, १/३०. तीन काढले. बघताना मी आकडेच बघत होतो.

२४ सप्टेंबर

आज पहिल्यांदा एकट्याने फोटो छापला. मास्तर लवकर घरी गेले, किल्ली माझ्याकडे देऊन. तांबडा दिवा, ट्रेमधलं पाणी, आणि पांढऱ्या कागदावर हळूहळू हिचं कपाळ आलं. मग सळई. मग मिटलेले डोळे. छापखान्यात एवढी वर्षं काढली, पण कागदातून माणूस वर येताना कधी बघितलं नव्हतं.

कॅलेंडरचं पान मुद्दाम सोबत नेलं होतं. शेजारी ठेवलं आणि चूक सापडली. कॅलेंडरवर सळई डाव्या कानाला आहे, माझ्या फोटोत उजव्या. निगेटिव्ह उलटी घातली मी. गुळगुळीत बाजू वर, निस्तेज बाजू खाली, हे मास्तरांनी दहादा सांगितलं होतं. मी तसंच केलं असं वाटत होतं, पण अंधारात बोटांवर किती विश्वास ठेवायचा? उलटवून पुन्हा छापला. आता सळई डाव्या कानाला. मागच्या पाटीवरची अक्षरं आणि पंपाचा नंबरही स्वच्छ वाचता येतात.

स्वतःची चूक स्वतः पकडली. डोळे अजून शाबूत आहेत. मालकांना लिहायला हरकत नाही.

पहिला फोटो फाडून टाकणार होतो. वहीत ठेवला, चुकीची नोंद म्हणून.

२५ सप्टेंबर

फोटो हिला दिला. उजेडात नेऊन बराच वेळ बघत राहिली. मग एकदम माझ्याकडे बघितलं.

"असाच छापायचा होता तुम्हाला?"

"म्हणजे? नीट आला नाही?"

"आला की. फार नीट आला." मग माझ्या गालाला हात लावला. हात ओला होता, भांडी घासत होती. "राहू दे असाच."

फ्रिजवर लावला नाही. कपाटात, साड्यांच्या घडीखाली ठेवला. बायकांना आपला फोटो कधी आवडत नाही.

२ ऑक्टोबर

क्लबाचा चलचित्राचा कॅमेरा मिळाला. पंचवीस तारखेला, रविवारी दुपारी, क्लबाचं वार्षिक प्रदर्शन. प्रत्येकाने सात मिनिटांची फिल्म करायची. विषय: घरातलं एक माणूस. माझ्या घरात दुसरं आहे कोण?

साहेबांनी पुन्हा एक तास दिला. प्रदर्शनाला येईन म्हणाले, बायकोला घेऊन.

बाकाशी हिचे फक्त हात घेतले. मग फाटकातून आत येणारी ही, लांबून. त्यात एक गंमत झाली. डावीकडून फोर्कलिफ्ट आली, भोंगा वाजवत. माझ्यासकट सगळे दचकले. ही तशीच चालत राहिली, शांत, राणीसारखी. शेवटी फिटरबाईने बाही धरून मागे ओढलं. अकरा सेकंद.

मास्तरांना दाखवलं. ते तीनदा बघून म्हणाले, "कॅमेरा असला की माणसं नाटकी होतात. या बाई होत नाहीत. भोंगा वाजला तरी स्वतःतच. असा शॉट मला चाळीस वर्षांत मिळाला नाही."

घरी येईपर्यंत छाती फुगलेली होती.

१० ऑक्टोबर

आज विचारलं.

ही ओट्याशी भाजी चिरत होती, मी तिच्या डावीकडे दारात. समोरासमोर विचारायचा धीर नव्हता. जमिनीकडे बघत म्हणालो, "मालकांनी बोलावलंय. कोशाचं काम आहे. मी परत जाऊ का?"

सुरी थांबली नाही. एक गाजर संपलं, दुसरं घेतलं. मी उभाच होतो. ती वळली, मला बघून दचकली.

"अगंबाई! भुतासारखे काय उभे राहता? ताटं घ्या."

ताटं घेतली. जेवताना उद्याच्या हवेबद्दल बोललो.

उत्तर आलं नाही. म्हणजे आलं. भांडली असती तर बरं झालं असतं.

१३ ऑक्टोबर

मालकांना पत्र लिहिलं. "येतो." तीन वाक्यं. पाठवलं नाही. प्रूफ एकदा शिळं होऊ द्यावं, मग वाचावं, ही जुनी सवय.

फिल्म जोडतो आहे. मास्तरांच्या संगणकावर हिचे हात पुढे-मागे, पुढे-मागे. हात माझ्यावर रागावलेले दिसत नाहीत.

१८ ऑक्टोबर

रविवार. लेकीचा व्हिडिओ कॉल. ही बाजारात गेली होती, म्हणून मी लेकीला कपाटातला फोटो काढून दाखवला.

"बाबा, आई काय भारी दिसते हो! कुठल्याशा देवळातल्या मूर्तीसारखी. पण हे काय केलंत?"

"काय?"

"अहो बाबा, उलटा छापलाय! मागची पाटी बघा ना. सगळी अक्षरं आरशातली. एवढे मोठे प्रूफरीडर तुम्ही!" आणि हसत सुटली.

मी फोटो वळवून बघितला. पाटीवर कारखान्याचं नाव, खाली पंपाचा नंबर. मला स्पष्ट वाचता येत होतं. बोट ठेवून वाचलं. उजवीकडून डावीकडे वाचत होतो.

खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. दहा वर्षं मी उलटी अक्षरं सुलट्यासारखी वाचली आहेत. माझ्या डोळ्यांना दोन्ही बाजू सारख्याच. हा फोटो दुसऱ्या कुणीही हातात घेतला असता तर पहिल्या नजरेत कळलं असतं.

वहीतून पहिला फोटो काढला. त्यात पाटी सुलटी आहे.

म्हणजे बोटं चुकली नव्हती. सळई उजव्याच कानाला होती.

१९ ऑक्टोबर

सकाळी मास्तरांकडे गेलो. त्यांनी निगेटिव्ह दिव्यावर धरली. "उजवा," म्हणाले. "का?"

मी फिल्मचे सगळे तुकडे पुन्हा लावायला सांगितले. टाकून दिलेलेही.

फोर्कलिफ्टचा भोंगा मला या वेळी फार मोठा ऐकू आला. ही शांत नव्हती. कारखान्याच्या गोंगाटात, डावीकडून, तिला तो ऐकूच आला नव्हता. फिटरबाईच्या चेहऱ्याकडे मी आधी बघितलंच नव्हतं. पांढरी पडली होती.

घरात काढलेले तुकडे. मी डावीकडून हाक मारतो, ही वळत नाही. उजवीकडून मारतो, लगेच वळते. जेवताना खुर्ची अशी की मी उजवीकडे येतो. फोन उजव्या हातात. दिवाणखान्यात मी बोलतो तेव्हा मान थोडी फिरवते, पक्ष्यासारखी. ते मला तोंड फिरवणं वाटलं होतं.

मास्तर म्हणाले, "पाणी देऊ?"

बावीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या. काना सुटला, वेलांटी चुकली, तर पानाच्या कडेला खूण केली. आणि घरात महिनोन्‌महिने.

मे महिन्यात हिला सर्दी झाली होती. कानाला दडे बसलेत म्हणत होती. मग म्हणायची थांबली. मी समजलो, बरी झाली.

२० ऑक्टोबर

संध्याकाळी ही कामावरून आली. कोचावर बसली. मी उजवीकडे जाऊन बसलो.

"डाव्या कानाने कधीपासून ऐकू येत नाही?"

बूट काढत होती. एक काढला. दुसरा तसाच.

"फोटो छापलात तेव्हाच कळलं होतं ना तुम्हाला?"

"नाही."

"मग उलटा का छापलात?"

सांगितलं. खिळे, कॅलेंडर, अंधारातली बोटं. ती बघत राहिली आणि मग हसायला लागली. हसता हसता रडली.

"मला वाटलं, मुद्दाम छापलाय. कान परत जागेवर लावून दिलाय मला. म्हणजे, आहे ते आहे, बोलायला नको, असं. केवढं बरं वाटलं होतं! आणि तुम्ही आपले वेंधळे."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"नस गेली म्हणाले. मी लगेच गेले असते तर काही करता आलं असतं, म्हणे. मी गेले दोन महिन्यांनी. आधी वाटलं, मळ असेल. मग भीती वाटली. कारखान्याच्या दवाखान्यात दाखवलं असतं तर साहेबांना कळलं असतं. तपासनीस बाई बहिरी! मग नोकरी कुठली, राहायची परवानगी कुठली?"

"आणि मला?"

दुसरा बूट काढला. दोन्ही नीट शेजारी ठेवले.

"मालकांचं पत्र मी त्याच दिवशी वाचलं. लॅपटॉप उघडा टाकता तुम्ही. वाट बघत होते, कधी सांगताय. तुमचा जीव तिकडे आहे. इथे तुम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन फिरता, मला बघवत नाही. कानाचं सांगितलं असतं तर तुम्ही गेलाच नसतात. एका कानासाठी माणसाला बांधून घालू?"

"मी विचारलं होतं तुला. दहा तारखेला. ओट्याशी."

"कुठल्या बाजूने?"

तिने माझा हात घेतला. दिवा लावायचं राहून गेलं.

मग मी विचारलंच. बाजू का बदललीस. पाठ का करतेस.

"अहो, तुम्ही चांगल्या कानाच्या बाजूला हवेत म्हणून. आणि डाव्या कुशीवर झोपलं की तो कान वर राहतो. उजवा उशीत गेला की काहीच ऐकू येत नाही. तुमचं घोरणंसुद्धा. मग मला दचकून जाग येते. वाटतं, तुम्ही गेलात."

हे इथे जसंच्या तसं लिहून ठेवलं आहे.

२१ ऑक्टोबर

फिल्ममधून ते अकरा सेकंद काढून टाकले. साहेब येणार आहेत. मास्तर हळहळले, पण बोट दाखवून म्हणाले, "तुमची फिल्म."

हिला सांगितलं. म्हणाली, "काढू नका."

"साहेबांना दिसेल."

"दिसू दे. फिटरबाईला सहा महिने माझी राखण करायला लावलीय मी. परवा तिची बोटं थोडक्यात वाचली, मला ओढताना. हे काही बरोबर नाही." थोड्या वेळाने म्हणाली, "पण पडद्यावर नको कळायला. आधी मी सांगते. मग दाखवा."

२३ ऑक्टोबर

हिने आज सांगितलं. मी फाटकाबाहेर उभा होतो, दोन तास. कॅमेरा बरोबर होता, एकही फोटो काढला नाही.

बाहेर आली ती फिटरबाईला घेऊन. साहेबांनी ऐकून घेतलं, मग सहा पंप बाकावर लावायला सांगितले, कुठला खराब ते न सांगता. हिने एका कानाने दोन काढले. एक त्यांना माहीत होता. दुसरा माहीत नव्हता. उघडून बघितला तर बेअरिंगला केसाएवढी चीर.

"मग?"

"तीन महिने ठेवतायत. बाकावरच. फोर्कलिफ्टच्या वाटेवर पाऊल टाकायचं नाही. कान त्यांच्या डॉक्टरला दाखवायचा. तीन महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले."

"रागावले?"

"सहा महिने का लपवलं म्हणून. बरोबरच आहे."

फिटरबाईने माझ्याकडे बघून काहीतरी म्हटलं. या वेळी हिने भाषांतर केलं.

"म्हणते, तुमचा नवरा नेहमी चुकीच्या बाजूने येतो."

२५ ऑक्टोबर

प्रदर्शन झालं. तळघरात चाळीस खुर्च्या, निम्म्या भरल्या. साहेब आणि त्यांची बायको दुसऱ्या रांगेत. फिटरबाई दोन मुलांना घेऊन. ही पहिल्या रांगेत अगदी डाव्या टोकाला बसली. मी तिच्या उजवीकडे. लोकांना कोडं पडलं, फिल्म हिच्यावर असून ही कडेला का.

भोंगा वाजला तेव्हा सगळी खोली दचकली, ही सोडून. आवाज डावीकडच्या भिंतीवरून येत होता. पडद्यावरची ही आणि खुर्चीतली ही, दोघी सारख्याच शांत. मग फिटरबाईचा हात आला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. टाळ्या बेताच्या पडल्या. मास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

घरी आल्यावर मालकांचं पत्र उघडलं. जुनं पुसलं. नवं लिहिलं. "येत नाही. इथे माझ्या डोळ्यांना काम आहे. कोशाचे खंड पाठवलेत तर घरबसल्या तपासून देईन. पण एक विनंती. माझ्यानंतर दुसऱ्या कुणाकडून एकदा वाचून घ्या. मला उलटं-सुलटं सारखंच दिसतं, हे मला नुकतंच कळलं."

हिला वाचून दाखवलं, उजवीकडून. म्हणाली, "शेवटचं वाक्य काढा. पोटावर पाय येईल." काढलं नाही. पाठवलं.

२६ ऑक्टोबर

फ्रिजवर आता तीन आहेत. कॅलेंडर, उलटा, सुलटा. हिला उलटाच जास्त आवडतो. लेकीला अजून काही सांगितलेलं नाही. ते ही सांगणार आहे, रविवारी.

संध्याकाळी बाजारात गेलो, दोघं. रस्त्यावर मी हिच्या डावीकडून चालतो, वाहनांच्या बाजूने. काही सांगायचं असलं की मागून फिरून उजवीकडे येतो, सांगतो, परत डावीकडे जातो. आज नऊ वेळा झालं.

"अहो, एका बाजूला राहा ना," ही म्हणाली. "गरगरतं मला."

"मग बोलायचं कसं?"

"घरी गेल्यावर बोला."

थोडं पुढे गेल्यावर म्हणाली, "बरं, या. काय सांगत होतात?"

आकडे नाहीत. कॅमेरा घरी होता.